जुन्या प्लेटिंग शेडखालची माती : पुण्यातील एका ऐच्छिक शुद्धीकरण सेवेचे परीक्षण

भोसरी औद्योगिक वसाहतीतील आमच्या कुटुंबाची क्रोम आणि निकेल प्लेटिंगची शेड बंद झाल्यानंतर, तिच्याखालची जमीन तपासून शुद्ध करून घेण्यासाठी आम्ही पुण्यातील एका पर्यावरण सल्लागार संस्थेची सेवा घेतली. आमच्या नावावर प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस नव्हती, न्यायाधिकरणाचा आदेश नव्हता आणि शेजारच्या कोणाची तक्रारही नव्हती. भूखंडाचे हस्तांतर करायचे होते, घेणाऱ्याच्या बँकेने जमिनीच्या स्थितीचा अहवाल मागितला, आणि त्या निमित्ताने हे काम निघाले. संस्थेचे नाव देत नाही, कारण पुढे तिच्याविषयी काही कडक शब्द लिहावे लागणार आहेत आणि त्यांतले बरेचसे दोष इतर संस्थांच्या कोटेशनमध्येही दिसले होते. थोडक्यात मत असे, की या संस्थेचे जागेवरचे काम उत्तम आहे, कायद्याविषयीचा सल्ला कच्चा आहे, आणि शुद्धीकरण पूर्ण झाले हे ठरवण्याची तिची पद्धत मान्य करण्यासारखी नाही.

पहिल्या बैठकीत संस्थेने आमच्यासमोर दोन मार्ग ठेवले. पहिला मार्ग मंडळाला कळवून, त्याच्या देखरेखीखाली काम करण्याचा आणि दुसरा आपल्या खर्चाने, आपल्या वेळापत्रकाने, स्वेच्छेने करण्याचा. दुसरा मार्ग सुचवताना त्यांच्या प्रतिनिधीने ‘सगळे गोपनीय राहील’ या गोष्टीवर जो भर दिला, तो मला त्याच वेळी खटकला. प्लेटिंगच्या टाक्यांखालची माती खणून बाहेर काढली की ती घातक कचरा ठरते. मग २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे तिची वाहतूक नमुना क्रमांक १० च्या मॅनिफेस्टवर, म्हणजे कचऱ्यासोबत जाणाऱ्या नोंदपत्रावर, परवानाधारक वाहनातून आणि अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच व्हावी लागते. जिल्ह्यात असे सामाईक केंद्र रांजणगावला आहे. ट्रक भोसरीतून निघून रांजणगावला पोहोचेपर्यंत इतक्या ठिकाणी कागद उमटतो, की त्याला गोपनीय म्हणणे धाडसाचे आहे. शिवाय १९७४ च्या जल प्रदूषण प्रतिबंध कायद्याचे कलम २४ दूषित द्रव्य ‘जाणूनबुजून’ विहिरीत किंवा जमिनीत जाऊ देण्यास मनाई करते. तपासणीचा अहवाल हाती पडेपर्यंत मालक फार तर अनभिज्ञ असतो, पण अहवालानंतर त्याला तसे म्हणता येत नाही. हे दोन्ही मुद्दे सल्लागाराने स्वतःहून सांगायला हवे होते. आम्ही विचारल्यावर त्यांनी ते मान्य केले, परंतु पैसे देऊन घेतलेल्या सल्ल्यात ग्राहकाने सल्लागाराला आठवण करून देण्याची वेळ येऊ नये.

सक्तीच्या, म्हणजे मंडळाच्या देखरेखीच्या, मार्गाचे चित्रही त्यांनी गरजेपेक्षा भयंकर रंगवले. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम पर्यावरण संरक्षण कायद्याखाली अधिसूचित केले. त्यांची रचना साधारण अशी आहे : स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन संशयित जागांची माहिती राज्य मंडळाला देते, मंडळ किंवा त्याने नेमलेली संदर्भ संस्था ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करते, संशयाला आधार सापडला तर सविस्तर सर्वेक्षण होते, आणि प्रमाण निकषापेक्षा जास्त आढळले तर जागा जाहीर होऊन तेथील वावरावर बंधने येतात. त्यापुढे शुद्धीकरणाचा आराखडा आणि जबाबदार व्यक्तीचा शोध. खर्च त्या व्यक्तीकडून, आणि ती सापडली नाही किंवा तिची ऐपत नसेल तर सरकारकडून. किरणोत्सर्गी कचरा, खाणकाम, समुद्रातील तेलगळती आणि घनकचऱ्याचे डेपो हे विषय या नियमांबाहेर ठेवले आहेत. त्यामुळे पुण्यात माती-पाणी बिघडण्याचा विषय निघाला की पहिल्यांदा जिचे नाव येते त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या कचराभूमीला हे नियम लागू होत नाहीत.

या नियमांत तपासणीच्या प्रत्येक टप्प्याला मुदत आहे, मात्र एकदा दूषित ठरलेली जागा शेवटी निर्धोक कधी व्हावी याला मुदत नाही. नियम आले तेव्हा देशभरात अशी १०३ स्थळे नोंदली गेली होती आणि त्यांपैकी फक्त ७ ठिकाणी शुद्धीकरण सुरू झाले होते, असे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. म्हणजे सक्तीच्या मार्गात मालकाला खरी भीती दंडाची नसून जागा वर्षानुवर्षे अडकून पडण्याची आहे. संस्थेने आम्हाला दंडाची भीती घातली आणि विलंबाविषयी एक शब्द काढला नाही. कदाचित दंडाची भीती लवकर विकली जात असावी.

आता तक्रारी थोड्या बाजूला ठेवतो, कारण जागेवरच्या कामाबद्दल या लोकांचे कौतुकच करावे लागेल.

त्यांनी सुरुवात खोदाईने केली नाही. आधी शेडचा इतिहास जुळवला. जुने नकाशे, विजेच्या जोडणीचे कागद, मंडळाच्या संमतिपत्रांच्या प्रती, उपग्रहाची जुनी छायाचित्रे हे सगळे तर त्यांनी मागितलेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे निवृत्त कामगारांना गाठून त्यांच्याशी सावकाश बोलणे केले. नकाशात नसलेली एक जुनी नाली, मागच्या भिंतीलगत एके काळी असलेला गाळ वाळवण्याचा खड्डा आणि क्रोमच्या टाकीची जागा मध्यंतरी बदलली होती ही गोष्ट, हे तिन्ही धागे कागदांतून मिळाले नाहीत. ‘काका, टाकी गळायची तेव्हा पाणी कुठल्या अंगाला जायचं?’ असा साधा प्रश्न विचारणारी त्यांची तरुण भूवैज्ञानिक मुलगी उत्तर मिळेपर्यंत गप्प बसायची. हे कौशल्य मी मोठमोठ्या लेखापरीक्षकांतही पाहिलेले नाही. बोअर घेण्याच्या जागा या संभाषणांतून ठरल्या, आणि सर्वांत जास्त क्रोमियम निघाले ते त्या जुन्या नालीखालीच. शेडवर सरळ चौकटी आखून ठरावीक अंतरावर नमुने घेतले असते, तर ती पट्टी दोन बोअरच्या मधोमध निसटून जाण्याची पुरेपूर शक्यता होती.

पुण्याच्या जमिनीची त्यांना असलेली जाण हा दुसरा मोठा गुण. वरची काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि त्याखाली कठीण काळा पाषाण हा क्रम विहीर खणणाऱ्या कोणालाही पाठ असतो, परंतु दूषण या क्रमातून कसे प्रवास करते हे समजावून सांगणारे फार थोडे. काळ्या मातीतील चिकणकणांवर ऋण भार असल्यामुळे निकेलसारखे धन भाराचे धातू तिला चिकटून राहतात. सहा संयुजेचे क्रोमियम, ज्याला धंद्यात आम्ही हेक्स क्रोम म्हणतो, ते मात्र क्रोमेटच्या रूपात ऋण भाराचे असते. माती त्याला धरत नाही आणि ते पाण्याबरोबर मुरमात उतरते. पुढे कठीण खडकातील भेगा आणि सांधे हेच त्याचे रस्ते. म्हणून टाकीच्या अगदी जवळच्या बोअरमध्ये पाणी स्वच्छ आणि त्याहून लांबच्या, पण त्याच भेगेवरच्या बोअरमध्ये पिवळसर, असा उलटा निकाल येऊ शकतो. आमच्याकडे काहीसे तसेच झाले आणि त्याचे स्पष्टीकरण संस्थेने आधीच देऊन ठेवलेले असल्यामुळे कोणी गोंधळले नाही.

तिसरी गोष्ट अधिक बारीक आहे, पण तिच्यावर लाखो रुपयांचा फरक पडतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये निकेल, क्रोमियम आणि तांबे मुळातच बरेच असते आणि त्यापासून झालेल्या मातीतही ते उतरते. परदेशातील निकष आपल्या मातीला जसेच्या तसे लावले, तर ज्या जागेवर कधी कारखाना नव्हता ती जागासुद्धा दूषित ठरण्याचा धोका असतो. नेदरलँड्सच्या २०१३ च्या तक्त्यात निकेलचा हस्तक्षेप-निकष, म्हणजे ज्यापुढे शुद्धीकरणाचा विचार करावा लागतो ते प्रमाण, किलोला १०० मिलिग्रॅम होता. आपल्या बेसाल्टी मातीचे नैसर्गिक प्रमाणच कित्येकदा त्याच्या आसपास पोहोचते. या संस्थेने वसाहतीबाहेरच्या, उद्योगाचा हात न लागलेल्या मातीचे नमुने पार्श्वभूमी म्हणून घेतले आणि आमचे आकडे त्यांच्याशी ताडून पाहिले. त्यामुळे निकेलचा बराचसा भाग जमिनीचाच असल्याचे दिसले आणि खणायच्या मातीचे प्रमाण कमी झाले. दुसऱ्या एका संस्थेच्या कोटेशनमध्ये पार्श्वभूमीच्या नमुन्यांची ओळच नव्हती. ते कोटेशन स्वस्त होते खरे, पण त्या हिशेबाने खणाई कितीतरी जास्त झाली असती.

नमुन्यांची शिस्तही चोख होती. प्रत्येक बाटलीवर खूण, बर्फाची पेटी, हातोहात सहीचा कागद, एकाच ठिकाणचे जोड-नमुने आणि केवळ शुद्ध पाण्याच्या कोऱ्या बाटल्या, या सगळ्यांची नोंद अहवालाला जोडलेली आहे. परीक्षण मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत झाले आणि एकूण क्रोमियमबरोबर हेक्स क्रोम वेगळे मोजले गेले. नुसता एकूण आकडा पाहून या बाबतीत काहीही ठरवता येत नाही, कारण तीन संयुजेचे क्रोमियम जवळपास जागच्या जागी बसून राहते, तर सहा संयुजेचे विरघळते आणि कर्करोगाला कारण ठरते. विहिरीच्या पाण्याची तुलना त्यांनी पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी, म्हणजे लिटरला ०.०५ मिलिग्रॅम क्रोमियम या मर्यादेशी केली. ते पाणी वसाहतीत कोणी पीत नसले तरी तुलना योग्यच होती. बोअरचे पाणी टँकरमध्ये भरले गेल्यावर ते कुठे जाते याची खात्री कोण देणार?

अहवाल मात्र फुगवलेला आहे. शेकडो पानांत कायद्यांचे उतारे आणि यंत्रांची माहितीपत्रके भरली आहेत आणि ज्या दोन तक्त्यांवर सगळा निर्णय अवलंबून आहे ते शोधायला चिकाटी लागते. संपूर्ण अहवाल इंग्रजीत. आमच्या मोठ्या काकांची सही लागत असल्यामुळे आम्ही मराठी सारांश मागितला, तेव्हा त्यासाठी वेगळा आकार लावण्यात आला. ज्याच्या जमिनीविषयी लिहिले आहे त्याला वाचता येईल अशी चार पाने देणे हे मूळ शुल्कातच धरलेले असावे, असे माझे मत आहे.

प्रत्यक्ष शुद्धीकरणासाठी त्यांनी मिश्र उपाय सुचवला. नालीखालची सर्वांत दूषित माती खणून रांजणगावला पाठवायची आणि खालच्या मुरमातील हेक्स क्रोमवर जागेवरच फेरस सल्फेटचे द्रावण सोडायचे, ज्यामुळे ते तीन संयुजेच्या, जवळजवळ अविद्राव्य रूपात बदलते. रसायनशास्त्र पक्के आहे आणि प्लेटिंगवाल्यांना ते नवीन नाही. सांडपाण्याच्या टाकीत आम्ही वर्षानुवर्षे तेच करत आलो. जमिनीत ते करताना मात्र दोन धोके असतात. एक, पाण्यातील सल्फेट वाढते आणि त्यावर लक्ष ठेवावे लागते. दुसरा अधिक गंभीर : मातीत मँगनीजची ऑक्साइडे असतील तर बदललेले क्रोमियम कालांतराने पुन्हा सहा संयुजेचे होऊ शकते. पहिल्या धोक्याची तरतूद आराखड्यात होती. दुसऱ्याचा उल्लेख परिशिष्टातील एका ओळीत होता आणि त्यावरची देखरेख मूळ करारात धरलेलीच नव्हती.

सेवेचा सर्वांत कमकुवत भाग येथे सुरू होतो. तपासणी याच संस्थेने केली, उपाय याच संस्थेने ठरवला, द्रावण सोडण्याचे कंत्राटही तिच्याच भागीदार कंपनीकडे गेले, आणि शेवटी जागा शुद्ध झाल्याचे प्रमाणपत्र पुन्हा याच संस्थेच्या लेटरहेडवर आले. प्रमाणपत्रापूर्वीचे पाण्याचे नमुने उन्हाळ्यात घेतले गेले. भेगांच्या खडकात पाण्याची पातळी पावसाळ्यानंतर वर चढते आणि मुरमाच्या ज्या थरात दूषण अडकलेले असते तो थर तेव्हाच भिजतो. म्हणजे जो काळ खरी परीक्षा घेतो तोच वगळला गेला. हे कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. हस्तांतराची घाई आम्हालाही होती. परंतु सक्तीच्या मार्गात निदान कागदोपत्री तरी शुद्धीकरण करणारा आणि तपासणारा हे वेगळे असतात, आणि ऐच्छिक मार्गात तो वेगळेपणा ग्राहकाने स्वतः विकत घ्यावा लागतो.

निकष कोणी ठरवायचा हा प्रश्नही त्यालाच जोडलेला आहे. कोडाईकनालचा थर्मामीटर कारखाना २००१ मध्ये बंद झाला; त्यानंतर तेथील मातीत पारा किती शिल्लक राहिला तर चालेल, किलोला २० मिलिग्रॅम हा निकष पुरेसा आहे की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. तेथे निदान मंडळ, कंपनी आणि आंदोलक असे तीन पक्ष समोरासमोर होते. आमच्या कामात निकष ठरवणारा आणि त्याचे पैसे देणारा असे दोनच पक्ष होते, आणि दोघांनाही सैल निकष परवडणारा होता. संस्थेने निवासी वापराऐवजी औद्योगिक वापराचा निकष धरला. जागा औद्योगिक असल्यामुळे ते चुकीचे नाही, मात्र पिंपरी-चिंचवडमध्ये कारखान्यांच्या जागी इमारती उभ्या राहताना आपण सगळेच पाहत आहोत. कुदळवाडीची भंगाराची गोदामे फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने पाडली, तेव्हा तिथे पुढे काय होणार याची चर्चा सर्वत्र होती, आणि उद्या तिथे जे काही उभे राहील त्याखालच्या तेल-रसायनांनी माखलेल्या मातीला कुठला निकष लागणार हा प्रश्नही असाच आहे. अहवालात ‘वापर बदलल्यास पुन्हा तपासणी आवश्यक’ असे ठळक वाक्य असायला हवे होते. आमच्या आग्रहावरून ते नंतर घालण्यात आले.

मग सक्ती बरी की स्वेच्छा? सक्ती उशिरा आली की काय होते याची उदाहरणे आपल्या देशात कमी नाहीत. उदयपूरजवळच्या बिछडी गावच्या विहिरी एच-आम्ल (रंगनिर्मितीत लागणारे रसायन) बनवणाऱ्या कारखान्यांनी नासवल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करावी’ हे तत्त्व स्पष्टपणे लागू केले, आणि २०११ मध्ये त्याच न्यायालयाला ३७.३८५ कोटी रुपये १२ टक्के चक्रवाढ व्याजासह वसूल करण्याचा आदेश द्यावा लागला. भोपाळच्या कारखान्यातील ३३७ टन कचरा पीथमपूरला हलायला २०२५ चा जानेवारी उजाडला. या तुलनेत आमच्यासारख्या छोट्या शेडची ऐच्छिक सफाई पटकन झाली, कमी खर्चात झाली आणि माती पावसाच्या आणखी काही फेऱ्या खाण्यापूर्वी झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

स्वेच्छेने केलेल्या कामाला एक गोष्ट मात्र मिळत नाही : ते संपल्याचे अधिकृत पत्र. अमेरिकेत १९८० च्या सुपरफंड कायद्याने जुन्या मालकापासून नव्या मालकापर्यंत सर्वांवर इतकी कडक जबाबदारी टाकली, की जुन्या कारखान्यांच्या जमिनींना कोणी हात लावेना. त्यावर मिनेसोटा राज्याने १९८८ मध्ये स्वेच्छेने पुढे येणाऱ्यांसाठी कार्यक्रम सुरू केला, इतर राज्ये त्या वाटेने गेली आणि २००२ मध्ये केंद्रीय कायद्यानेही प्रामाणिक खरेदीदाराला संरक्षण दिले. तिथे सरकारी यंत्रणा काम पाहते आणि शेवटी लेखी आश्वासन देते, आणि मालक खर्च करतो तो त्या आश्वासनासाठी. आमच्या हाती आहे ते सल्लागाराचे प्रमाणपत्र. बँकेने ते स्वीकारले, हे खरे. पण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या कायद्यात भरपाईचा अर्ज करण्यासाठी ५ वर्षांची मुदत आहे आणि न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे; उद्या शेजारच्या भूखंडावरच्या बोअरला पिवळे पाणी आले, तर हे प्रमाणपत्र पुरावा म्हणून वाचले जाईल, ढाल म्हणून नाही. ही गोष्ट संस्थेने करारापूर्वी सांगितली नव्हती. प्रमाणपत्राच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत, संस्थेची जबाबदारी मिळालेल्या शुल्काच्या रकमेइतकीच मर्यादित असल्याचे मात्र लिहिलेले आहे.

शुल्काविषयी एवढेच, की ठोक रकमेचे कोटेशन घेऊ नये. बोअर, नमुना आणि प्रत्येक घटकाच्या परीक्षणाचा वेगवेगळा दर लिहून घ्यावा, कारण खोदाई सुरू झाल्यावर नमुने वाढतातच आणि ठोक रकमेत ते वाढवायला संस्था नाखूष असते. काम सुरू होण्यापूर्वी मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात आराखड्याची प्रत पोच घेऊन द्यावी, असा आग्रहही धरावा. आम्ही ती दिली. संस्थेचा सुरुवातीला त्याला विरोध होता, पण पुढे मॅनिफेस्टच्या कामात त्याच पोचेचा उपयोग झाला.

ज्यांना आपल्या जागेखाली काय आहे हे खरोखर जाणून घ्यायचे आहे त्यांना ही सेवा मी सुचवीन. ज्यांना फक्त विक्रीसाठी कागद हवा आहे त्यांचे पैसे वाया जातील, कारण कागदाची बाजूच तिची लंगडी आहे. पावसाळ्यानंतरच्या पाण्याच्या देखरेखीचा पुरवणी करार आम्ही याच संस्थेशी केला आहे. त्यात मँगनीजचे परीक्षण घातले आहे, आणि नमुने घेण्याचे व तपासण्याचे काम आम्ही स्वतः निवडलेल्या दुसऱ्या प्रयोगशाळेकडे ठेवले आहे. तिचा अहवाल थेट आमच्याकडे आणि त्याच दिवशी मंडळाकडे जाईल.